अकराची वेळ, दीडचा नंबर

दवाखान्याच्या दारावर पाटी असते : ‘नाव नोंदवण्यासाठी सकाळी ९ ते १० या वेळेत फोन करावा.’ ज्याने कोणी ही पाटी लिहिली, त्याच्या घरी सकाळी नऊ ते दहा काय चालतं ते मला एकदा बघायचंय. आमच्याकडे त्या तासात एक डबा भरायचा राहिलेला असतो, नळाचं पाणी जायच्या आत पिंप भरायचं असतं, सासूबाईंची बीपीची गोळी द्यायची असते. तेवढ्यात फोन लावावा, तर लागत नाही. लागला, तर उचलत नाहीत. आणि उचललाच, तर पलीकडून एकच वाक्य येतं, “आजचे नंबर संपले, उद्या करा.”

मैत्रिणींनो, तुमच्याकडेही याहून वेगळं नसणार.

मी पुनावळ्याला राहते. १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलेलं हे गाव. एकीकडे जुनं गावठाण आणि वस्त्या, दुसरीकडे वीस-वीस मजल्यांच्या सोसायट्या. हिंजवडीच्या कंपनीत लॅपटॉप घेऊन जाणारीही इथेच राहते आणि चाकणच्या कारखान्याची बस पकडणारीही. दवाखान्यांच्या पाट्यांना तोटा नाही. पण पाटी दिसणं वेगळं आणि डॉक्टर भेटणं वेगळं. त्यात हायवेच्या भुयारी मार्गात गाडी अडकली, की हातातली वेळ गेलीच म्हणून समजा.

तालुक्याच्या गावी तर आणखी वेगळी तऱ्हा. तिथे केबलवर आणि पेपरात जाहिरात येते, ‘पुण्याचे प्रसिद्ध स्त्रीरोगतज्ज्ञ दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी’. त्या रविवारी आपली पाळी आली, घरात पाहुणे आले किंवा डॉक्टरांची गाडी घाटात अडकली, की पुढची तारीख थेट महिन्याने. आजाराला मात्र दुसरा रविवार कळत नाही हो!

आता कुणी म्हणेल, फोन कशाला करता, अ‍ॅपवरून नंबर घ्या. घेऊ ना! पण अ‍ॅप मागतं ओटीपी. अनेक घरांत तो जातो नवऱ्याच्या मोबाइलवर, कारण नोंदणी त्यांच्या नंबरवर, आधारला जोडलेला नंबरही त्यांचाच. ते मीटिंगमध्ये नाहीतर मशिनवर. त्यांनी ओटीपी पाहून कळवेपर्यंत त्याची मुदत संपते. शिवाय “डॉक्टर कशाला? काय झालं?” याचं उत्तर आधी फोनवर द्यावं लागतं. अंगावरून पांढरं जातंय, हे बाईने नवऱ्याला कंपनीतल्या फोनवर चार माणसांत कसं सांगायचं? मग ती म्हणते, “काही नाही, राहू द्या.” आणि ते राहूनच जातं.

बरं, नंबर मिळाला असं धरू. अकराची वेळ मिळाली. अकराला पोचल्यावर कळतं की अकराची वेळ आणखी नऊ जणींनाही दिलेली आहे. डॉक्टर राउंडला गेलेत. मग डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये आहेत. मग येतात, तेवढ्यात बॅगवाले दोन एमआर आत जातात. आपला नंबर लागतो दीडला. तोवर शाळेची व्हॅन सोसायटीच्या गेटवर येऊन गेलेली असते आणि पोराला शेजारणीकडे बसवायला आपण तिसऱ्यांदा फोन केलेला असतो.

सोनोग्राफीचं तर बोलायलाच नको. “पाणी पिऊन या, लघवीला जाऊ नका,” एवढं सांगतात. किती वाजता प्यायचं, ते नंबर कधी लागणार यावर अवलंबून आणि नेमकं तेच कुणी सांगत नाही. मागच्या वर्षी एका केंद्रात मी दीड तास पोट दाबून बसले होते. शेजारी सातव्या महिन्याची एक मुलगी बसली होती, डोळ्यांत पाणी आणून. शेवटी तिने रिसेप्शनवर विचारलं, तर उत्तर मिळालं, “मॅडम, सगळेच थांबलेत.” सगळेच थांबलेत, हे काय उत्तर झालं?

आता डॉक्टरांची बाजूही बघू. बाळंतपण घड्याळ बघून येत नाही. सिझेरियन मध्येच सोडून डॉक्टर ओपीडीत येऊ शकत नाहीत आणि त्यांनी तसं येऊही नये. शिवाय आपल्यातल्याच काही जणी एकाच दिवशी तीन दवाखान्यांत नाव लावतात, जिथे लवकर नंबर लागेल तिथे जातात आणि बाकीच्या दोन ठिकाणी कळवतही नाहीत. काही जणी एका नंबरवर आत जाऊन पोराचा खोकला, सासूचे गुडघे आणि स्वतःची पाठदुखी असं सगळंच काढतात. मागच्या बाईची वेळ अशीही जाते. हे सगळं मान्य.

पण उशीर होणार हे माहीत असताना तो सांगायचा नाही, याला कोणती इमर्जन्सी लागते? “डॉक्टर ऑपरेशनमध्ये आहेत, दीड तास लागेल, घरी जाऊन या,” एवढं वाक्य बोलायला पैसे पडत नाहीत. ते बोललं जात नाही, कारण बाईचा वेळ हा वेळच नाही असं सगळ्यांनी धरून ठेवलंय. ती काय, घरीच तर असते! बसेल. नोकरी करत असेल, तर रजा टाकेल.

रजेचंही बघा. पगारी रजा असलेलीला हाफ डे जातो. चाकणला ठेकेदाराकडे कामाला असलेलीचा खाडा होतो. आमच्या वस्तीतली एक जण अशीच. चार महिने अंगावरून जास्त जात होतं. पहिल्यांदा खाडा करून गेली, तर डॉक्टर बाहेरगावी. दुसऱ्यांदा नंबर इतका मागे, की कामाची बस चुकेल म्हणून उठून आली. तिसऱ्यांदा गेलीच नाही. चौथ्यांदा तिला उचलून न्यावं लागलं, आणि तेव्हा नंबर लागत नाही म्हणून कुणी थांबवलं नाही. रक्ताच्या बाटल्या चढवाव्या लागल्या. बरी आहे ती आता, पण दोन महिन्यांचा पगार गेला आणि मुलीची शाळेची फी थकली. तिला विचारलं, आधीच का नाही गेलीस गं? म्हणाली, “ताई, गेले होते की. दोनदा.”

हे ‘दोनदा गेले होते’ कुठल्याच केसपेपरवर येत नाही. केसपेपरवर येतं, पेशंट उशिरा आली. बाईचा हलगर्जीपणा!

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या दर पाचपैकी तीन बायकांनी सांगितलं, की स्वतःच्या उपचारासाठी जायचं तर निदान एक तरी मोठी अडचण येते. कुणाला पैशांची, कुणाला अंतराची, कुणाला सोबतीची, कुणाला बाई डॉक्टर नसल्याची. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी असल्याचं दिसलं. दम लागणं, चक्कर येणं, कामात लक्ष न लागणं, ही ‘नंतर बघू’ म्हणायची दुखणी नाहीत. छातीतली गाठ तर मुळीच नाही. भारतीय स्त्रियांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कर्करोग स्तनाचा आहे आणि त्यात लवकर जाण्यालाच सगळी किंमत आहे.

१८८६ साली आनंदीबाई जोशींनी अमेरिकेत डॉक्टरकीची पदवी घेतली. त्याच वर्षी मुंबईत बायका-मुलांसाठी कामा हॉस्पिटल सुरू झालं. तेव्हा प्रश्न होता, पुरुष डॉक्टरपुढे बाई जाणार कशी? म्हणून स्त्री डॉक्टर हवी होती. त्यासाठी आनंदीबाई सातासमुद्रापार गेल्या. आज गावोगावी स्त्री डॉक्टर आहेत, आणि आपण त्यांच्या दारातल्या बाकड्यावरून उठून परत येतोय. तेही वेळेपायी!

यावर उपाय नाहीत असं नाही. एक तर आपल्याच सरकारी व्यवस्थेत आहे. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. चौथ्या महिन्यापासून पुढे कुणीही जावं. फोन नको, ओटीपी नको. तारीख ठरलेली, त्यामुळे आशाताईंना सांगता येते, सासूला सांगता येते, कामावर आधी कळवता येते. गर्दी तिथेही असते. पण ९ तारीख सगळ्यांना पाठ असते, ही केवढी सोय!

दुसरा उपाय वेळेचा. २०२३ च्या महाराष्ट्रदिनी राज्यभर ‘आपला दवाखाना’ सुरू झाला, तेव्हा त्याची वेळ दुपारी २ ते रात्री १० अशी ठेवली होती. म्हणजे कामावरून आल्यावर जाता येईल अशी. बाईला सोयीची ओपीडी हीच. तुमच्या भागात असा दवाखाना आहे का, आणि ठरल्या वेळेला तो उघडा असतो का, हे जाऊन बघा. नसेल, तर नगरसेवकाला किंवा नगरपालिकेत विचारा.

तिसरा उपाय केसपेपरच्या रांगेचा. २०२२ पासून अनेक सरकारी रुग्णालयांत दारावरचा क्यूआर कोड मोबाइलने स्कॅन केला, की नाव-पत्ता आपोआप जातो आणि टोकन मिळतं. मात्र त्यासाठी आभा कार्ड काढताना जिच्याजवळ स्वतःचा मोबाइल आहे, तिने स्वतःचाच नंबर द्यावा. आधारला नवऱ्याचा नंबर असेल, तर आधार केंद्रात जाऊन एकदाच बदलून घ्यावा. ही फेरी वाया जायची नाही. आपल्या तब्येतीचा निरोप आधी आपल्याला यावा, यात कुणाचा अपमान नाही.

आणि खाजगी दवाखान्यात? तिथे निदान विचारायला तरी लागा. फोनवर फक्त “नंबर मिळेल का” विचारून थांबू नका. विचारा : माझा नंबर कितवा? डॉक्टर साधारण किती वाजता बसतात? एका तासात किती पेशंट होतात? निघायच्या आधी फोन केला, तर कितवा नंबर चालू आहे ते सांगाल का? सोनोग्राफीला विचारा, पाणी किती वाजता पिऊ? आत जाताना त्रास कधीपासून, कोणत्या गोळ्या चालू, पाळीची तारीख, हे कागदावर लिहून न्या. आपलंही काम लवकर होतं, मागचीचंही. आणि जायला जमणार नसेल, तर फोन करून नंबर सोडा.

नर्सिंग होमबद्दलच्या राज्याच्या नियमांत २०२१ साली सुधारणा झाली. त्यानुसार रुग्णांच्या हक्कांची सनद आणि मुख्य सेवांचे दर दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. पुरुष डॉक्टर तपासत असतील, तर जवळ एक स्त्री हवी, हाही हक्क रुग्णहक्कांत आहे. बाकड्यावर बसून भिंतीवरची बाळांची चित्रं बघतो, त्याऐवजी ही पाटी शोधा. नसेल, तर “कुठे लावलीय?” असं नम्रपणे विचारा. माझं म्हणणं एवढंच, की त्या पाटीशेजारी आणखी एक फळा टांगावा : ‘आता चालू नंबर अमुक. डॉक्टर अंदाजे इतका वेळ उशिरा.’ फळा आणि खडू, एवढाच खर्च.

एकटीने विचारलं, तर “मॅडम फार बोलतात” असं होतं, हे मलाही माहीत आहे. म्हणून दहा जणींनी मिळून जावं. भिशी आहे, बचत गट आहे, सोसायटीचं महिला मंडळ आहे. हळदीकुंकवाला जमतो, तसंच जमून डॉक्टरांना भेटू. भांडायला नव्हे, सांगायला : आठवड्यातला एक दिवस संध्याकाळी साडेसहानंतर बसा, नावनोंदणी दुपारी दोन ते चारही ठेवा, उशीर होणार असेल तर कळवा. बरेच डॉक्टर ऐकतील, कारण त्यांनाही खोळंबलेले, चिडलेले पेशंट नकोच असतात. आमच्या पुनावळ्यात प्रस्तावित कचरा डेपोविरुद्ध लोक एकत्र आले आणि २०२३ च्या अखेरीस तो प्रकल्प रद्द करत असल्याचं सरकारला जाहीर करावं लागलं. त्यापुढे एक फळा आणि एक संध्याकाळची ओपीडी म्हणजे काय मोठी मागणी?

एक मात्र लक्षात ठेवा. गरोदरपणात अंगावर जाणं, छातीत दुखणं, अचानक हात-पाय लुळा पडणं, जीभ जड होणं, यात नंबरची वाट बघायची नसते. सरळ १०८ ला फोन करा.

बाकी तपासण्यांसाठी आज एवढंच करा. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचा खाडा लिहितो, गॅस सिलिंडर कधी लावला ते लिहितो, मुलांच्या लसीची तारीख लिहितो. त्याच कॅलेंडरवर येत्या महिन्यातली एक तारीख स्वतःच्या नावाने लिहा. पहिल्यांदा नंबर नाही मिळाला, तर खोडू नका, पुढच्या चौकोनात परत लिहा. आणि ती तारीख घरातल्या सगळ्यांना वाचता येईल अशी, मोठ्या अक्षरात लिहा.