आधी गिऱ्हाईक शोधा, मग सांडपाण्याची टाकी बांधा

वॉशिंग सेंटर टाकायचं म्हटलं की कॉम्प्रेसर, रॅम्प, फोम मशीन यावर तासभर चर्चा होते. धुतलेलं पाणी कुठे जाणार, हे मात्र कोणी विचारत नाही. वडनेरसारख्या हायवेवरच्या गावात गाड्यांची कमी नाही. पण एप्रिल-मेमध्ये बोअर आटला की धंदा टँकरवर येतो, आणि नफा तिथेच वाहून जातो.

माझं मत स्पष्ट आहे. सांडपाणी हा कच्चा माल आहे, पण त्याला गिऱ्हाईक असेल तरच.

आपल्याच हायवेने वर नागपूरला जा. शहराचं सांडपाणी भांडेवाडीला शुद्ध होतं आणि कोराडीच्या वीज केंद्राला जातं. त्या प्रकल्पाची क्षमता 130 एमएलडी, म्हणजे रोज 13 कोटी लिटर. वीज केंद्राला थंड करायला पाणी लागतं, ते पिण्यालायक असायची गरज नाही. तेवढं पेंचचं चांगलं पाणी वाचतं आणि महापालिकेला पैसेही मिळतात. यातली खरी गोष्ट बघा: महानिर्मितीशी करार आधी झाला, प्रकल्प नंतर उभा राहिला. म्हणजे घेणारा आधीच ठरलेला होता.

तुमच्या सेंटरमध्ये हा घेणारा कोण? तुम्हीच! चाकं आणि गाडीखालचा चिखल काढायला, रॅम्प धुवायला नळाचं चांगलं पाणी कशाला हवं? ते फक्त शेवटच्या धुण्याला ठेवा.

जमिनीत तीन कप्प्यांची टाकी बांधा. गाळ खाली बसतो, तेल वर तरंगतं, म्हणून पुढच्या कप्प्यात पाणी मधून न्यायचं. शेवटी रेती-गिट्टीचा फिल्टर लावा. गाळ नियमित काढा. साबण साचत जातो, म्हणून अधूनमधून पाणी बदलावंच लागतं.

आता हिशोब. समजा रोज 10 गाड्या, गाडीमागे 100 लिटर, म्हणजे 1000 लिटर. त्यातलं निम्मं परत वापरलं तर महिन्याला 15,000 लिटर वाचले. तुमच्या भागातल्या टँकरच्या भावाने ते गुणा आणि टाकीचा खर्च किती महिन्यांत निघतो ते स्वतः काढा. आकडा जमत नसेल तर टाकी लहान करा. कोणी मोठी मशीन गळ्यात मारायला आला तर त्यालाही हाच हिशोब मागा.

एक गोष्ट मात्र करू नका. तेलकट पाणी शेजारच्या वावरात किंवा नालीत सोडू नका. तुमचा धंदा चालावा म्हणून दुसऱ्याची माती आणि विहीर खराब करणं, याला काटकसर म्हणत नाहीत.

मशीनचं कोटेशन मागवण्याआधी एका कागदावर लिहा: रोज किती पाणी लागणार, आणि त्यातलं किती दुसऱ्यांदा वापरता येईल. हा कागद तयार नसेल तर लोनच्या अर्जाला हात लावू नका.