फाळके पुरस्कार : सरस्वतीबाईंचा वाटा कुठे?

आम्हा नाशिककरांना दादासाहेब फाळके घरचेच. जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरला, फिल्म कंपनी नाशकात, आणि १९४४ साली शेवटही इथेच. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. त्यांच्या नावाचा पुरस्कार जाहीर झाला की आम्हालाही अभिमान वाटतो. पण त्याबरोबर एक प्रश्न टोचत राहतो : आणि सरस्वतीबाई?

'राजा हरिश्चंद्र' (१९१३) उभा राहण्यासाठी सरस्वतीबाई फाळक्यांचे दागिने गेले. कच्च्या फिल्मला भोकं पाडणं, रसायनं कालवणं, अंधाऱ्या खोलीत फिल्म धुणं हे सगळं त्या शिकल्या. वर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. पडद्यावर तारामती झाली ती अण्णा साळुंके या पुरुषाने. पडद्यामागे राबलेली बाई मात्र नवऱ्याला 'साथ देणारी' म्हणून उरली. मैत्रिणींनो, 'साथ' हा शब्द आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. ज्या कामाचं दाम द्यायचं नसतं, त्याला साथ म्हणतात.

त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई (पुढे गोखले) पडद्यावर आल्या. बाईने सिनेमात काम करणं अब्रू घालवणारं मानलं जात होतं, तेव्हाची ही गोष्ट. फाळके पुरस्कार १९६९ साली सुरू झाला. त्यानंतर पंचवीसहून अधिक वर्षं कमलाबाई हयात होत्या. त्यांना तो मिळाला नाही.

आता यादीच पाहू. १९६९ ते २०२३ या वर्षांचे पंचावन्न पुरस्कार. त्यांत बाया आठ : देविका राणी, सुलोचना (रूबी मायर्स), कानन देवी, दुर्गा खोटे, लता मंगेशकर, आशा भोसले, आशा पारेख, वहीदा रेहमान. २००१ ते २०१९ या सलग एकोणीस वर्षांत एकही नाही! या आठजणींच्या थोरवीबद्दल वाद नाही. पण सहाजणी गाजल्या त्या नट्या म्हणून आणि दोघी गायिका म्हणून. हिमांशू रॉय गेल्यावर देविका राणींनी बॉम्बे टॉकीज चालवली, हे कितीजणांना आठवतं? पुरुषांना मात्र दिग्दर्शक, निर्माते, संगीतकार, गीतकार म्हणूनही मान मिळाला. २००८ चा पुरस्कार कॅमेरामन व्ही. के. मूर्तींना गेला, तो योग्यच होता. मग बाईचा चेहरा आणि गळा चालतो, तिचं डोकं आणि हात का चालत नाहीत?

म्हणून माझी निवड सांगते.

पहिलं नाव भानू अथैया. कोल्हापूरची ही मुलगी १९८३ साली 'गांधी'च्या वेशभूषेसाठी ऑस्कर घेऊन आली. हा मान मिळवणारी ती पहिली भारतीय. कपडे शिवणं-बेतणं हे 'बायकी' काम, म्हणून ती कला दुय्यम ठरते का?

दुसरं नाव सई परांजपे. 'स्पर्श', 'चश्मेबद्दूर', 'कथा', 'दिशा' यांचं लेखनही त्यांचं, दिग्दर्शनही त्यांचं. प्रेक्षकांना हसवलं, पण कोणा बाईची टर उडवून नव्हे.

तिसरं नाव सुमित्रा भावे. समाजकार्य आणि संशोधनातून आलेली ही बाई चाळिशी ओलांडल्यावर सिनेमाकडे वळली आणि १९८५ साली 'बाई' हा लघुपट केला. पुढे सुनील सुकथनकरांबरोबर 'दोघी' (१९९५) केला. मुंबईला धंद्यात लोटलेली थोरली बहीण आणि तिच्याच पैशावर जगूनही तिला नाकारणारं घर, हे आपल्या केंद्रांवर रोज येणारं दुःख त्यांनी पडद्यावर मांडलं. त्यांच्या 'कासव'ला २०१६ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळही मिळालं.

भानू अथैया २०२० साली गेल्या, सुमित्राताई २०२१ साली. नियमाचं कारण कोणी पुढे करू नये. पृथ्वीराज कपूर आणि विनोद खन्ना यांना हा पुरस्कार मरणोत्तरच मिळाला आहे.

आपल्यातल्याच काहीजणी म्हणतील, हुंडा, मारहाण, रेशन हे प्रश्न सोडून या सोनेरी कमळांच्या मागे कशाला लागायचं? मला हा प्रश्न वेगळा वाटत नाही. शेतात राबणारी बाई सातबाऱ्यावर नसते, घरात राबणारी बाई शिरगणतीत 'काही करत नाही' म्हणून नोंदली जाते, आणि फिल्म धुणारी बाई श्रेयनामावलीत नसते. हिशेब एकच आहे. ज्याची नोंद नाही, त्यावर हक्क सांगता येत नाही.

तेव्हा पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने एक ठराव करून माहिती व प्रसारण मंत्रालयाला पाठवावा : पडद्यामागच्या बायांचा या पुरस्कारासाठी विचार व्हावा, आणि पडद्यामागे काम करणाऱ्या स्त्रियांसाठी सरस्वतीबाई फाळके यांच्या नावाने स्वतंत्र राष्ट्रीय पुरस्कार सुरू व्हावा. पहिला ठराव नाशिकचा असावा. सरस्वतीबाईंचं देणं आधी आमच्या गावाने फेडायला हवं.