वाहिन्या शेकडो, वेळापत्रक मात्र हरवले!

दूरचित्रवाणी संचावर वाहिन्यांची संख्या शेकड्यांत गेली. पण आवडीचा कार्यक्रम कोणत्या वाहिनीवर आणि किती वाजता, हे कळण्याची साधी सोय ज्येष्ठांच्या हातून निसटली आहे. भीमेकाठचे दौंड आणि घोडनदीकाठचे शिरूर ही पुणे जिल्ह्यातील तालुक्याची गावे. मुले नोकरीनिमित्त पुण्यात आणि आई-वडील गावी, अशा घरांत हा प्रश्न केवळ करमणुकीचा राहत नाही. तो परावलंबनाचा होतो.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या एका वाहिनीच्या काळात कार्यक्रमांच्या वेळा घरोघरी पाठ असत. वृत्तपत्रांत रोजचे कार्यक्रम छापून येत आणि 'साप्ताहिकी'तून पुढील आठवड्याची माहिती मराठीत सांगितली जाई. वेळापत्रक प्रेक्षकाच्या दारी चालत येई. आता प्रेक्षकाला ते शोधत जावे लागते.

केबलच्या डिजिटायझेशनमध्ये पुणे शहराचा क्रमांक २०१३ मध्ये लागला. ग्रामीण भागासाठी ३१ मार्च २०१७ ही अखेरची मुदत होती. सेट-टॉप बॉक्ससोबत पडद्यावरची कार्यक्रमपत्रिकाही आली. रिमोटवरील 'गाईड'चे बटण दाबले की ती दिसते आणि तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. मात्र ती बहुधा इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत असते. शिवाय प्रत्येक केबल व डिश कंपनीचे वाहिनी क्रमांक निराळे. त्यामुळे शेजाऱ्याने सांगितलेला क्रमांक आपल्या घरी उपयोगी पडेलच, असे नाही.

दूरदर्शनची 'फ्री डिश' ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने सुरू झाली. तिला मासिक शुल्क नाही. परंतु खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने दिल्या जात असल्याने वाहिन्यांची यादी बदलत राहते. २०१९ मध्ये बड्या समूहांनी आपल्या हिंदी मनोरंजन वाहिन्या तेथून काढून घेतल्या, तेव्हा प्रेक्षकांना याचा अनुभव आला. नव्या वाहिन्या दिसण्यासाठी बॉक्समध्ये पुन्हा शोध घ्यावा लागतो, हे अनेकांना ठाऊकच नसते.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या (ट्राय) २०१७ च्या नियमांनुसार वाहिनीला दिलेला क्रमांक किमान वर्षभर बदलता येत नाही आणि वाहिन्या प्रकारानुसार एकत्र दाखवाव्या लागतात. हेतू चांगला आहे. पण पडद्यावरची यादी प्रेक्षकाला वाचता येते, हे त्यात गृहीत धरलेले आहे. अडचण नेमकी तेथेच आहे.

उपाय खर्चिक नाही. केबलचालकाने मराठी वाहिन्यांचे क्रमांक ठळक अक्षरांत एका कागदावर छापून द्यावेत. वाचनालयांनी आणि ज्येष्ठ नागरिक संघांनी आठवड्याचे ठळक कार्यक्रम फलकावर लावावेत. वाहिन्यांची वेळापत्रके इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात. मुला-नातवंडांनी रविवारी फोनवर ती वाचून दाखवली, तरी आठवडाभराची सोय होईल. एक खबरदारी मात्र हवी. नुसते वेळापत्रक पाहण्यासाठी बँकेचा तपशील किंवा ओटीपी लागत नाही. तो मागणारा मदतीसाठी आलेला नसतो, हे ज्येष्ठांना आवर्जून सांगितले पाहिजे.

वाहिन्यांची निवड ग्राहकाच्या हाती दिल्याचे नियम सांगतात. निवडायचे काय, हे ज्याला दिसतच नाही, त्याच्या हाती केवळ रिमोट उरतो.