जुनं मशीन चालू करणं म्हणजे जुगाड नव्हे!

चिप, सेमीकंडक्टर, मेक इन इंडिया... हे शब्द आता कॉलेजच्या कॅन्टीनमध्येही ऐकू येतात. मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारने इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या उत्पादनासाठी २२,९१९ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. छानच आहे. पण अँटॉप हिल किंवा वडाळ्यातल्या एखाद्या गाळ्यात कुणाला सर्किट बोर्ड बनवायचे असतील, तर चकाचक नवं मशीन त्याच्या खिशाला परवडणारं नसतं. तो सेकंडहॅण्ड मशीन शोधतो. ते चालू करून देणाऱ्याला आपण 'मिस्त्री' म्हणतो आणि त्याच्या कामाला 'जुगाड'. माझा आक्षेप आहे तो या 'जुगाड' शब्दाला.

'पिक अँड प्लेस' मशीनचंच घ्या. बारीक नळीसारख्या नोझलने, हवेच्या ओढीवर, ते एकेक पार्ट उचलतं आणि बोर्डावर नेमक्या जागी ठेवतं. यातला एखादा रेझिस्टर १ मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद असतो. जोरात शिंकलात तर गायब! मग बोर्ड भट्टीत जातो. शिसं नसलेली नेहमीची सोल्डर पेस्ट साधारण २१७ अंश सेल्सिअसला वितळायला लागते आणि पार्ट बोर्डाला पक्के होतात.

आता असं १५ वर्षं राबलेलं मशीन गाळ्यात आलंय असं समजा. प्लग लावला आणि सुरू झालं, असं होत नाही. आधी ते पाणसळीत बसवायचं, अर्थिंग तपासायचं. मुंबईच्या पावसाळ्यात कंप्रेसरच्या हवेत पाणी साठतं, ते काढायची सोय करायची. अशा मशीनचा कॉम्प्युटर अनेकदा विंडोज एक्सपी किंवा त्याहून जुन्या सिस्टीमवर चालतो. एक्सपीचा सपोर्ट तर २०१४ मध्येच संपला. म्हणून कशालाही हात लावण्याआधी हार्ड डिस्कची कॉपी काढायची, कारण ती गेली तर मशीन नुसतं लोखंड. मग नोझल साफ करायचे, पट्टे बघायचे, कॅमेरा जुळवायचा. पार्ट दहाव्या भागाने जरी तिरका बसला, तर चूक नोझलची, कॅमेऱ्याची की पार्ट पुरवणाऱ्या फीडरची, हे शोधत बसायचं. याला इंजिनीअरिंग नाही तर काय म्हणायचं?

'जुगाड' हा वेगळाच प्रकार आहे. झाकण उघडलं की मशीन थांबावं म्हणून एक सेफ्टी स्विच असतो. तो बिघडला की वायर जोडून बायपास करतात. मशीन चालतं, पण आत हात असताना हेड धावलं तर बोटं जातात. जुन्या मशीनना विरोध करणारे हेच उदाहरण देतात, आणि ते बरोबरच आहे. पण त्यावर उपाय मशीन भंगारात काढणं हा नाही. दुरुस्ती नीट शिकवणं हा आहे.

सुट्या भागांसाठी दुसऱ्यावर विसंबण्याची किंमत अँटॉप हिलकरांना वेगळी सांगायला नको. इथलं मोनोरेलचं स्टेशन मार्च २०१९ मध्ये सुरू झालं. त्याआधीच, डिसेंबर २०१८ मध्ये, मलेशियन कंपनीचं कंत्राट एमएमआरडीएने रद्द केलं होतं. पुढे सुट्या भागांअभावी गाड्या उभ्या राहिल्या आणि प्रवासी ताटकळले. मोनोरेलच्या बातम्या तरी होतात. गाळ्यातलं मशीन बंद पडलं तर फक्त तिथल्या चार-पाच जणांचा पगार थांबतो.

जुलै २०२२ मध्ये केंद्राने 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली. तिने शेतीची अवजारं, मोबाइल-टॅब्लेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं यांवर भर दिला. छोट्या कारखान्यातलं मशीन त्या यादीत नाही. ते यायला हवं. निदान जुन्या मॉडेलची मॅन्युअल आणि सॉफ्टवेअर तरी खुली करा.

दुसरी मागणी आपल्या शिक्षणाकडे. अँटॉप हिलपासून हाकेच्या अंतरावर, माटुंग्याला, १८८७ मध्ये स्थापन झालेलं व्हीजेटीआय आहे. आयटीआयमध्ये 'इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक' हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. अशा प्रत्येक संस्थेने एक बंद पडलेलं मशीन आणावं आणि ते चालू करण्याला प्रोजेक्टइतकेच मार्क द्यावेत. काय बिघडलं, कसं सापडलं, याची मराठीत वही ठेवावी. आज हे ज्ञान एखाद्या काकांच्या डोक्यात असतं, ते गावी गेले की काम ठप्प.

तुमच्या लॅबच्या कोपऱ्यातही कापडाने झाकलेलं एखादं मशीन असेल. या सेमिस्टरला सरांकडे त्याचीच मागणी करा. फक्त सेफ्टी स्विच आधी तपासा!