पाण्याचा पहिला घोट

पक्षाघात झालेले वडीलधारे माणूस शुद्धीवर येताच घरची मंडळी मायेने पाण्याचा चमचा त्याच्या ओठांशी नेतात. वाचकहो, तोच चमचा घातक ठरू शकतो. मेंदूवरील आघाताने घशाचे स्नायू दुबळे झाले, की घोट अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतो. कित्येकदा ठसकाही लागत नाही. न्यूमोनियाचा ताप चढल्यावरच ते उमगते.

म्हणून कुटुंब जयपूरच्या मुरलीपुऱ्यात राहणारे असो की मिरजेतले, रुग्णालयात त्याने परिचारिकेला आधी विचारावे, "गिळण्याची तपासणी झाली का?" प्रशिक्षित परिचारिका रुग्णास ताठ बसवून थोडेथोडे पाणी देते आणि खोकला येतो का, आवाज ओलसर, घोगरा होतो का, हे पाहते. तोवर तोंडाने अन्न, पाणी वा गोळी काहीही देऊ नये.

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स प्रांतात १९ पक्षाघात-विभागांचा अभ्यास झाला. त्यांपैकी काही विभागांत ताप, रक्तातील साखर व गिळणे यांची नियमबद्ध देखरेख परिचारिकांवर सोपविली होती. २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ९० दिवसांनंतर मृत्यू वा परावलंबित्व आलेले रुग्ण तेथे ४२ टक्के, तर इतर विभागांत ५८ टक्के होते.

घरी आल्यावर परिचारिकेचे हे काम आपल्याकडे येते. रुग्णास ताठ बसवून लहान घास द्यावा. तो गिळल्याखेरीज दुसरा देऊ नये. जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नये आणि तोंड स्वच्छ ठेवावे. पेज किती दाट असावी, हे तपासणाऱ्यांनीच ठरवावे.

तहानलेल्यास पाणी देणे पुण्याचे खरे. परंतु येथे क्षणभर थांबणे हीच सेवा होय.