पाण्यातला गारठा

हिवाळ्यात न्हाणीघरात गार पाण्याचा पहिला तांब्या अंगावर घेताना जो 'हाय' निघतो, त्यात एक शास्त्रीय कोडे दडलेले आहे. न्हाणीघरातली हवा आणि बादलीतले पाणी रात्रभर शेजारी शेजारी राहिलेली असतात. दोघांचे तापमान जवळपास सारखेच. मग हवा लागली तर नुसती शिरशिरी आणि पाणी लागले तर थेट हाडापर्यंत कळ, असे का?

कारण हवेपेक्षा पाणी सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. शिवाय तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाण्याच्या पोटात सुमारे साडेतीन हजार पट जास्त उष्णता मावते. म्हणजे तुमच्या अंगातली ऊब ते भराभर घेते आणि कितीही घेतली तरी त्याचे पोट भरत नाही. म्हणूनच मालवण-तारकर्लीच्या कोमट वाटणाऱ्या समुद्रातही तासभर डुंबले की ओठ निळे पडू लागतात. तिथे ही गंमत ठरते. पण आइसलँडमधल्या सिल्फ्रा नावाच्या घळीत स्कूबा डायव्हिंगसाठी जगभरचे हौशी लोक उतरतात. हिमनदीचे वितळलेले पाणी लाव्हाच्या खडकांतून वर्षानुवर्षे झिरपत तिथे येते. ते काचेसारखे स्वच्छ असते आणि बाराही महिने दोन ते चार अंश सेल्सिअस! उघड्या अंगाने तिथे माणूस काही मिनिटांतच हातपायांवरचा ताबा गमावून बसेल. तरीही लोक अर्धा तास पोहून, हसत बाहेर येतात. हे कसे जमते ते पाहू या.

पण आधी कोरियाला जाऊ. तिथल्या जेजू बेटावर 'हेन्यो', म्हणजे समुद्राच्या बायका, पिढ्यान् पिढ्या बुड्या मारून शिंपले, गोगलगायी आणि समुद्री शेवाळ काढत आल्या आहेत. पाठीला सिलिंडर नाही, नुसत्या रोखलेल्या श्वासावर! १९७० च्या दशकापर्यंत त्यांच्या अंगावर साधे सुती कपडे असत आणि हिवाळ्यात समुद्र दहा अंशांपर्यंत उतरे. किनाऱ्यावर दगडांचा गोल आडोसा रचलेला असे, त्याला 'बुलतोक' म्हणतात. आत जाळ पेटवायचा, शेकायचे, पाण्यात जायचे, गारठले की पुन्हा जाळापाशी यायचे. याच जाळाभोवती नव्या मुली जुन्या बायकांकडून समुद्र शिकत. आपल्याकडच्या पाणवठ्यासारखीच ही जागा. कामही व्हायचे आणि गावच्या खबरीही कळायच्या.

१९६० च्या दशकात कोरियाचे शास्त्रज्ञ सुक की हाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पाणबुड्या बायकांची तपासणी केली. हिवाळ्यात त्या शरीराचे तापमान सदतीसवरून पस्तीस अंशांच्या आसपास येईपर्यंत पाण्यात राहत. पस्तीसच्या खाली घसरले की डॉक्टर त्याला धोक्याचा गारठा, हायपोथर्मिया, म्हणतात. या बायका रोज त्या उंबरठ्याला शिवून परत येत होत्या. त्यांच्या शरीरानेही त्याची तजवीज केली होती. नुसत्या स्वस्थ पडलेल्या असतानाही हिवाळ्यात त्यांचे शरीर गावातल्या इतर बायकांपेक्षा सुमारे तीस टक्के अधिक ऊर्जा जाळत असे. भट्टीच मोठी केली म्हणा ना!

मग रबरी सूट आला. या सुटाची जन्मकथा वेगळीच आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठातले ह्यू ब्रॅडनर हे पदार्थविज्ञानाचे संशोधक. पूर्वी अणुबाँबच्या प्रकल्पात काम केलेले. नौदलाच्या पाणबुड्यांना गार पाण्यात काम कसे करता येईल, हा प्रश्न १९५१-५२ च्या सुमारास त्यांनी हाती घेतला. तोवर सगळ्यांची धडपड अंग कोरडे कसे ठेवायचे यासाठी चाले. ब्रॅडनर म्हणाले, अंग भिजले तर भिजू दे, कापडातच हवेचे बुडबुडे असले म्हणजे झाले. निओप्रीन या कृत्रिम रबराच्या फेसात असे असंख्य बंद बुडबुडे असतात. आपली गोधडी तरी दुसरे काय करते? थरांमध्ये हवा कोंडून ठेवते. सुटात शिरलेले पाणी अंगाच्या उबेने तापते आणि तेच आपल्याला गरम ठेवते, असा समज डायव्हिंग करणाऱ्यांतही आहे. तो खरा नाही. ऊब राखतात ते बुडबुडे. पाणी आत-बाहेर खेळू नये एवढ्यासाठी सूट अंगाबरोबर घट्ट हवा.

या बुडबुड्यांना एक शाप आहे. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो आणि बुडबुडा निम्म्यावर येतो. तीस मीटरवर तो पाव उरतो. म्हणजे जितके खोल, जितके गार, तितकी गोधडी पातळ! त्यामुळे अगदी थंड पाण्यासाठी पुन्हा कोरड्या सुटाकडेच वळावे लागले. मानेला व मनगटांना घट्ट पट्ट्या, पाणी न शिरणारी चेन आणि आत चक्क लोकरीचे किंवा तशाच उबदार धाग्याचे कपडे. सुती बनियन मात्र नको, घामाने ओले झाले की ते गारच राहते. खोल जाताना सुटात थोडी थोडी हवा सोडावी लागते, वर येताना ती काढावी लागते. हे नीट शिकल्याशिवाय उतरले तर पायांकडे हवा जमून माणूस उलटा फुग्यासारखा वर फेकला जातो. काही जण सुटात अरगॉन वायू भरतात, कारण तो हवेपेक्षा कमी उष्णता वाहतो. उत्तर समुद्रातल्या तेलविहिरींवर काम करणाऱ्यांची तऱ्हा आणखी निराळी. जहाजावरून नळीने गरम पाणी त्यांच्या सुटात सतत सोडले जाते.

सूट चांगला असला तरी पहिली दगा देतात ती बोटे. शरीर आतले अवयव वाचवण्यासाठी हातापायांचे रक्त आखडते घेते. सुटाची कळ, पट्ट्याचा कडा, हवेचा काटा, सारे बोटांनीच हाताळायचे असते. म्हणून जाडजूड हातमोजे आणि डोक्याला टोपडे हवेच. हुडहुडी भरली की 'आणखी पाच मिनिटे' असे म्हणायचे नाही, बुडी तिथेच संपवायची. फार गारठलेल्या माणसाची विचारशक्तीही मंदावते. पुढे कापरे थांबते आणि त्याला वाटते, बरे वाटले! तीच सर्वांत वाईट खूण.

श्वासाचे यंत्रही गारठते. सिलिंडरमधली दाबलेली हवा मोकळी होताना इतकी थंड होते की झडपेत बर्फ धरतो आणि हवा आपोआप भसाभसा सुटू लागते. थंड पाण्यासाठी वेगळी यंत्रे मिळतात, तीच वापरावी.

दोन घरगुती गोष्टीही सांगून टाकतो. गार पाण्यात लघवीची भावना फार होते. ती टाळण्यासाठी लोक आधी पाणी पिणेच बंद करतात. तसे करू नये. कोरडे पडलेले शरीर डायव्हिंगच्या इतर त्रासांना लवकर बळी पडते. आणि बुडीआधी वा नंतर ऊब यावी म्हणून दारूचा घोट घेणे तर मूर्खपणाच. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंगाला गरम वाटते आणि आतली ऊब बाहेर निघून जाते. वर आल्यावर ओले कपडे काढून कोरडे घालावेत, डोके झाकावे, शुद्धीवर असलेल्याला गोड गरम चहा द्यावा. अंग चोळू नये आणि लगेच कढत पाण्याखाली उभे राहू नये.

हेन्योंचे पुढे काय झाले? सूट मिळाला आणि त्या एका खेपेला काही तास पाण्यात राहू लागल्या. कमाई वाढली, पण शिंपल्यांचा उपसाही वाढला. रबर तरंगते, म्हणून कमरेला शिसे बांधावे लागले. डोकेदुखीच्या गोळ्या घेऊन बुडणाऱ्या बायका वाढल्या. बुलतोकांतले जाळ विझले. आणि शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी पुन्हा तपासले तेव्हा ती मोठी केलेली भट्टी नाहीशी झालेली होती. इतक्या वर्षांत कमावलेले शरीराने चार-पाच वर्षांत सोडून दिले. मला यात हळहळण्यासारखे फारसे वाटत नाही. दहा अंशांच्या पाण्यात सुती कपड्यांनिशी उतरणे ही त्या बायकांची हौस नव्हती, पोटाची गरज होती. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जेजूच्या लोकांमध्ये थंडी सोसण्याशी संबंध असू शकेल असा जनुकीय फरक आढळला आहे. त्यामुळे थोडा वारसा रक्तातही उरला असावा.

युनेस्कोने २०१६ मध्ये हेन्योंच्या परंपरेला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. एकेकाळी वीस हजारांहून अधिक असलेल्या या बायका आता जेजूवर काही हजारच उरल्या आहेत. बहुतेकींनी साठी ओलांडली आहे, कित्येकींनी सत्तरीही. सिलिंडर वापरायचा नाही, हा नियम मात्र त्यांनी अजून सोडलेला नाही. श्वास पुरेल तेवढेच काढायचे आणि वर यायचे.