डिझेलचा हिशेब

सात माणसांची गाडी म्हटली, की मेव्हणे बजावतात, ‘डिझेलच घ्या, स्वस्त पडतं!’ अहो, बँकेतल्या कारकुनाला हिशेब शिकवता? डिझेलची गाडी दीड लाखाने महाग धरा. किलोमीटरमागे वाचले रुपये दोन. वसुलीला ७५,००० किलोमीटर हवेत. आमची धाव शाळा, मंडई आणि वर्षातून एकदा कोकण, म्हणजे ५,०००. झाली १५ वर्षं! तोवर गाडीच्या नोंदणीची मुदतही संपते. शिवाय २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाडीत काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो लांबच्या प्रवासात मोकळा होतो, मंडईच्या फेऱ्यांनी तुंबतो. रोज मुंबई-नाशिक करणाऱ्याने डिझेल खुशाल घ्यावं. आपण तेच दीड लाख ठेवीत टाकावेत. ७ टक्क्यांनी व्याज १०,५००, पेट्रोलचा जादा खर्च १०,०००. उरलेल्या पाचशेत मेव्हण्यांना वर्षभर चहा पाजावा!